चवदार तळे आणि मोबाईलचे बटन

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात बोले ठराव मंजूर झाला. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केले. पण ते कागदावरच. म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले. ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असे नाही, हे महाडला कुणी शिकवायला नको.

जातीच्या अन्यायाची बरोबरी दुसऱ्या कशाशी होत नाही. पण कागद आणि व्यवहार यांतले अंतर आज अपंगांच्या मोबाईलमध्येही दिसते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 21 प्रकारची अपंगत्वे मान्य करतो. डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी सांगितले.

पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून महाडच्या दवाखान्यापर्यंत येणे ज्याला चालता येत नाही त्याला किती कठीण! घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येणारी ई-संजीवनीसारखी सेवा सर्वांत जास्त त्याच्याच उपयोगाची. पण आरोग्याचे ॲप बनवताना त्याचा विचार होतो का?

दृष्टिहीन माणूस टॉकबॅकच्या आवाजावर फोन चालवतो. बटनाला नाव दिलेले नसेल, तर फोन नुसतेच ‘बटन’ म्हणतो. मग डॉक्टरांची वेळ घ्यायची कुठे आणि रद्द होते कुठे, हे कळणार कसे? कर्णबधिराला व्हिडिओत डॉक्टर दिसतात, पण बोलणे लिहून येत नाही. हात थरथरणाऱ्याचा आकडे टाकेपर्यंत ओटीपी संपतो. घाटात रेंज जाते, तिथे जड ॲप उघडतच नाही.

हे सारे दुरुस्त करता येते. मात्र अपंग व्यक्तींना ॲप तयार झाल्यावर दाखवण्यापेक्षा पहिल्या आराखड्यापासून सोबत घ्यायला हवे. ज्यांना फोन वापरताच येत नाही, त्यांच्यासाठी आशाताई आणि दवाखान्याची खिडकी राहिलीच पाहिजे.

डिसेंबर 1927 च्या महाड परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. तो वारसा आपला आहे. मित्रांनो, आपल्यातले अनेक जण आज संगणक शिकत आहेत. आपल्या मोहल्ल्यातल्या, वाडीतल्या अपंग शेजाऱ्याजवळ बसा. तो ॲपमध्ये कुठे अडतो ते लिहून काढा आणि संबंधित खात्याकडे तक्रार पाठवा. उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.