संगणकाशी गट्टी : ठिपक्यांचा पाऊस आणि बिघडलेलं कार्ड

काय दोस्तांनो, तुमच्या घरी एखादा जुना कॉम्प्युटर आहे का? टेबलाच्या कोपऱ्यात घरघरणारा, सुरू व्हायला चहा होईस्तोवर वेळ घेणारा, पण अजून इमानेइतबारे काम करणारा? असेल, तर आजची गोष्ट तुमच्यासाठीच आहे. आणि नसला, तरी वाचा. कारण ही गोष्ट नुसती कॉम्प्युटरची नाही.

शनिवारी दुपारी भाच्याचा फोन आला. आवाज रडवेला.

"मामा, तू लगेच ये ना! आईचा कॉम्प्युटर गेला. पडद्यावर नुसते रंगीत ठिपके आणि उभ्या रेघा. अक्षरंपण वेडीवाकडी येतायत. आणि मधेच सगळं थिजतं. शेजारचा दादा म्हणतोय, फॉरमॅट मारू या, होईल ठीक."

"खबरदार!" मी म्हटलं. "मी येईपर्यंत कुणीही कशालाही हात लावायचा नाही. बटण बंद कर आणि बस."

एवढं ओरडायला कारण होतं. माझी ताई घरी मराठी टायपिंगची कामं करते. एका शाळेची पंचाहत्तर वर्षांची स्मरणिका तिच्याकडे होती. १६४ पानं, महिनाभराची मेहनत, आणि सोमवारी सकाळी ती छापखान्यात द्यायची होती. ती पानं त्याच कॉम्प्युटरमध्ये. फॉरमॅट केलं असतं, तर ती पुसली गेली असती.

मी पोचलो तेव्हा ताई गप्प बसली होती. एका दुकानदारानं फोनवरच निकाल दिला होता : "फार जुना झालाय, टाकून द्या, नवीन घ्या." पण ताईचं टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, त्याचं 'कुलूप' म्हणजे डाँगल याच यंत्राशी जुळलेलं. नवा कॉम्प्युटर आला, तरी दोन दिवसांत त्यावर तेच काम तसंच्या तसं सुरू होईल याची खात्री नव्हती. आणि नव्याचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न होताच.

"मामा, काय बिघडलंय?" भाच्यानं विचारलं.

"ते मला तरी कुठं माहीत? डॉक्टर आधी तपासतात की आधी पोट कापतात?"

मग आम्ही तपासायला बसलो. पडद्यावर चित्र बिघडलं, तर संशयित चार : मॉनिटर, केबल, विंडोज आणि व्हिडिओ कार्ड. एकेकाला बोलवायचं आणि जबानी घ्यायची!

पहिला मॉनिटर. त्याची केबल कॉम्प्युटरकडून काढली आणि मॉनिटर चालू ठेवला. 'सिग्नल नाही' असा संदेश आला. हा संदेश कॉम्प्युटर पाठवत नाही बरं का, मॉनिटर स्वतःच दाखवतो. तो अगदी स्वच्छ होता. एक ठिपका नाही. मॉनिटर सुटला.

दुसरी केबल. शेजारच्या दादाची केबल लावून पाहिली. ठिपके तसेच. केबल सुटली.

तिसरं विंडोज. आता नीट लक्ष द्या. कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. तेव्हा विंडोज जागंही झालेलं नसतं. ती अक्षरं बायॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम दाखवतो आणि तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. आमच्याकडे तीच अक्षरं बिघडलेली होती! म्हणजे विंडोजही सुटलं. फॉरमॅट करून काही उपयोग झाला नसता, वर ताईची पानं मात्र गेली असती. शेजारच्या दादाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता.

उरलं व्हिडिओ कार्ड.

आता हे कार्ड करतं काय? पडद्यावरचं चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर एकूण झाले २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला साधारण ४ बाइट धरा. म्हणजे एका चित्राला जवळजवळ ८३ लाख बाइट लागले. आणि ही रांगोळी कार्ड सेकंदाला ६० वेळा मॉनिटरकडे पाठवतं! १९८७ साली व्हीजीए आलं, तेव्हा ६४० गुणिले ४८० ठिपके आणि १६ रंग एवढंच काम होतं. त्याला दीड लाखाच्या आसपास बाइट पुरत. आताचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

ही रांगोळी कार्डावरच्या मेमरी चिप्समध्ये साठवलेली असते. चिपचा एखादा भाग बिघडला, की तिथे लिहायचं एक आणि वाचलं जातं भलतंच. मग येतात ठिपके, रेघा आणि वेडी अक्षरं.

"पण आईची पानं?" भाच्यानं विचारलं.

"ती हार्ड डिस्कवर आहेत. कार्डाचा आणि त्यांचा संबंध नाही. कार्ड म्हणजे नुसता दाखवणारा. आरसा फुटला, म्हणून चेहरा फुटतो का?"

तेव्हा कुठं ताईनं श्वास सोडला. तरीही आम्ही पहिलं काम केलं ते हेच. कॉम्प्युटर बंद केला, हार्ड डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि स्मरणिकेची प्रत करून घेतली. हे वाक्य वहीत लिहून ठेवा : आधी प्रत, मग दुरुस्ती.

आता कॅबिनेट उघडायचं. भिंतीवरचा प्लग काढला. नुसतं बटण बंद केलं नाही, प्लगच काढला. मग कॉम्प्युटरचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली थोडी वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. थंडीत लोकरी स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच ही वीज. आपल्याला ती गुदगुली, पण चिपला मरण!

झाकण काढलं आणि आम्ही पाहतच राहिलो. कार्डावरच्या छोट्या पंख्याभोवती धुळीची चक्क गोधडी झाली होती. बोटानं ढकलला तरी पंखा फिरेना.

भाचा एकदम गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मामा, माझ्यामुळे झालं हे. आई झोपल्यावर मी रोज रात्री गेम खेळत होतो. परीक्षा संपल्यापासून. आणि आवाज येऊ नये म्हणून कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात आत सरकवून पुढे दप्तर लावत होतो."

खोलीत शांतता. मी ताईकडे पाहिलं, ताई कार्डाकडे पाहत होती.

आता मी काय बोलायचं? खोटा धीर द्यायचा नव्हता आणि खोटा दोषही नाही. मी म्हटलं, "हे बघ, गेम खेळल्यानं कार्ड मरत नाही. ते कामच करायला बनवलंय. पण गेममध्ये त्याला भरपूर काम पडतं, ते तापतं. पंखा फिरला, तर उष्णता बाहेर जाते. पंखा धुळीनं अडकला, वर तू हवेची वाट बंद केलीस. मग ते आतल्या आत भाजत राहिलं. धूळ कित्येक वर्षांची आहे, ती आम्हां मोठ्यांची चूक. दप्तर तुझं."

"दप्तर माझं," तो म्हणाला.

मग कामाला लागलो. ब्रशनं धूळ काढली. कार्ड ज्या खाचेत बसतं, तिच्या टोकाला एक छोटा खटका असतो. तो दाबून, स्क्रू काढून कार्ड सरळ वर उचललं. कडेचे सोनेरी पट्टे काळवंडले होते. साध्या पांढऱ्या खोडरबरानं ते हलकेच घासले, चुरा झटकला. कितीतरी वेळा एवढ्यानंच काम होतं! आमचं झालं नाही. पंखा फिरू लागला, पण ठिपके तसेच. मेमरी गेलेलीच होती.

इथे एक सावधगिरी. बिघडलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की सुरू होतं, असं कुणी तुम्हांला सांगेल. तो नाद करू नका. चाललंच तर चार दिवस चालतं, आणि त्याचा विषारी धूर जेवणाच्या भांड्यात बसतो तो वेगळाच.

रविवारी सकाळी आम्ही दोघं एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. या मदरबोर्डवर मॉनिटर जोडायची स्वतःची सोय नव्हती, म्हणून दुसरं कार्ड हवंच होतं. जाण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहिल्या. तुम्हीही लिहा :

१. खाच कोणती? आमची पीसीआय एक्सप्रेस होती. त्याआधीच्या एजीपी खाचेत हे कार्ड बसत नाही.

२. वीज किती? या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून भुकेल्या कार्डाला वेगळी वायर लागते आणि जुना वीजपुरवठा मग दम टाकतो.

३. मॉनिटरची केबल कोणती? व्हीजीए, डीव्हीआय की एचडीएमआय?

४. आपल्या विंडोजसाठी त्या कार्डाचा ड्रायव्हर मिळतो का? अगदी नवी कार्डं जुन्या बायॉसशी कधी कधी जुळत नाहीत, हेही विचारून घ्यायचं.

भाचा एका चकचकीत, दोन पंख्यांच्या कार्डाकडे टक लावून पाहत होता. पण कागद त्याच्याच हातात होता. त्यानं स्वतःच मान हलवली. आम्ही घेतलं एक वापरलेलं जीटी ७१०. सन २०१६ मध्ये आलेलं हे साधं कार्ड, भूक फक्त १९ वॅटची. आमच्या हाती आलेल्याला पंखाच नव्हता, नुसता धातूचा मोठा पंखेरी ठोकळा. "अडकायला पंखाच नाही!" भाचा म्हणाला. दुकानातच ते एका कॉम्प्युटरला लावून चालवून पाहिलं, मगच पैसे दिले. अकराशे रुपये.

घरी येऊन भाच्यानं कार्ड स्वतःच्या हातानं बसवलं. बटण दाबलं. पडदा काळा! आणि आतून आवाज : एक लांब 'बीऽऽप', मग दोन आखूड. त्याचा चेहरा पडला.

"अरे, रडतोस काय? तो बोलतोय तुझ्याशी," मी म्हटलं. पडदाच चालत नसेल, तेव्हा बायॉस शिट्टी वाजवून तक्रार सांगतो. प्रत्येक बायॉसची भाषा वेगळी. आमचा अवॉर्ड कंपनीचा होता. त्यात एक लांब, दोन आखूड म्हणजे 'व्हिडिओ कार्ड सापडत नाही'. पुन्हा प्लग काढला. पाहतो तो काय, कार्ड एका बाजूला केसभर वर राहिलं होतं! दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला. 'खट्!' खटका बसला.

या वेळी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. सरळ, स्वच्छ, एकेक ओळखू येणारी. मग विंडोज उघडलं, पण चित्रं ही भलीमोठी! घाबरायचं नाही. ड्रायव्हर नसला, की असं दिसतं. तो माझ्या लॅपटॉपवर आधीच उतरवून पेन ड्राइव्हमधून आणला होता. कारण विंडोज ७ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेची मदत थांबवली आहे, म्हणून ताईचं हे यंत्र इंटरनेटला जोडतच नाहीत. ड्रायव्हर घातला, एकदा बंद-चालू केलं, आणि स्मरणिकेचं पहिलं पान पडद्यावर आलं.

भाच्यानं आतून गल्ला आणून ताईपुढे ठेवला. मोजले तर ६४० रुपये. ताईनं त्यातले शंभर घेतले. "दप्तराचे," ती म्हणाली. "धुळीचे मी भरते. आणि आता बस इथं, पानांचे आकडे तपासायला. मला डोळे उरलेले नाहीत."

रात्री साडेअकरापर्यंत दोघं बसली होती. पान ११८ दोनदा आलं होतं. ते भाच्यानंच पकडलं. सोमवारी स्मरणिका वेळेवर गेली.

जाता जाता तीन गोष्टी. वर्षातून दोनदा कॅबिनेटची धूळ काढा, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच. वीजपुरवठ्याचा डबा आणि जुना जाड मॉनिटर कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांत जीवघेणी वीज उरते. आणि मेलेलं कार्ड कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

आता डोकं चालवा! संगणकात इंग्रजी 'ए'चा क्रमांक ६५, 'बी'चा ६६, असं पुढे. हे आकडे तो ६४, ३२, १६, ८, ४, २, १ या सात दिव्यांनी लिहितो. ६५ म्हणजे ६४ आणि १ हे दिवे चालू. समजा, मेमरी बिघडली आणि ४ चा दिवा कायमचा चालूच राहिला. तर पडद्यावर 'बी, ए, डी' ही तीन अक्षरं कशी दिसतील?

(उत्तर : 'बी' ६६चं ७० होऊन 'एफ', 'ए' ६५चं ६९ होऊन 'ई', आणि 'डी' ६८मध्ये ४ चा दिवा आधीच चालू, म्हणून 'डी'च. 'बॅड'चं झालं 'फेड'!)