तीन खेळांची शर्यत आणि मुलाची कंबर



खते, बियाणे आणि गोठा हे या सदराचे नेहमीचे विषय. या खेपेस मात्र एक वेगळेच पत्र आले आणि ते बाजूला ठेवावेसे वाटले नाही. एक वाचकबंधू लिहितात, "साहेब, धाकटा ट्रायथलॉनची तयारी करतो. विहिरीत पोहतो, सायकल मारतो, कालव्याच्या कडेने पळतो. आता म्हणतो, तालुक्याच्या जिममध्ये तोल सांभाळण्याचा आणि पोट-कंबर बळकट करण्याचा तीन महिन्यांचा क्लास लावायचा. वर मोठा रबरी चेंडू आणि डुगडुगणारी फळी घ्यायची. त्याने शर्यतीत खरेच फरक पडतो का? पडत असेल तर कालवड विकतो."

कालवड विकू नका, हे आधीच सांगून टाकतो. पण मुलगा म्हणतो ते सगळे खोटे आहे असेही नाही. त्यात खरे किती, ते पाहू.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग पळणे. तिन्ही एकापाठोपाठ, मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलण्याचा वेळही घड्याळात धरतात. 1974 साली अमेरिकेत सान दिएगो येथे या खेळाची सुरुवात झाली आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. तिथले अंतर 1.5 किलोमीटर पोहणे, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर पळणे. 2019 साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर याहून मोठी शर्यत झाली: समुद्रात 1.9 किलोमीटर, सायकलवर 90 आणि शेवटी 21.1 किलोमीटर पळणे. महागड्या सायकली घेऊन येणारी शहरातली मंडळी यात पुष्कळ असतात, पण विहिरीत सूर मारायला शिकलेल्या पोराने तिथे बुजावे असे काही नाही.

आता पोट-कंबरेकडे येऊ. बरगड्यांपासून मांड्यांच्या वरपर्यंत, पुढून, मागून आणि दोन्ही कुशींना जे स्नायू आहेत ते कण्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. जिममधली मुले यालाच 'कोअर' म्हणतात. विहिरीवरचा पंप आठवा. मोटर कितीही चांगली असो, पायाचे नटबोल्ट ढिले असले तर सगळा संच थरथरतो आणि आज ना उद्या बेअरिंग जाते. हातपाय ही मोटर, धड हा तिचा पाया. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी 1996 साली दाखवले की निरोगी माणूस झटकन हात उचलतो, तेव्हा हात हलण्याच्या आधीच पोटातला खोलवरचा आडवा स्नायू आवळला जातो. ज्यांना कंबरदुखी आहे त्यांच्यात तो उशिरा आवळतो. डोक्यावर हंडा घेऊन येणाऱ्या बाईकडे पाहा. पाय भराभर चालतात, हंडा हलत नाही. मधले अंग आपले काम गुपचूप करीत असते.

येथवर जिमवाल्यांचे बरोबर आहे. पण पाया घट्ट केला म्हणून पाणी जास्त पडेलच का? आम्ही शेतीखात्यातली माणसे नव्या औषधाची नुसती जाहिरात वाचून शिफारस करीत नाही. एका वाफ्याला द्यायचे, शेजारच्या वाफ्याला द्यायचे नाही, बाकी मशागत सारखी, आणि मग उत्पन्न काट्यावर मोजायचे. खेळाडूंवरही असे प्रयोग झाले आहेत.

ऑस्ट्रेलियात 18 तरुण खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाला सहा आठवडे त्या रबरी चेंडूवर व्यायाम दिला, दुसऱ्याला दिला नाही. 2004 साली निकाल प्रसिद्ध झाला. चेंडूवाल्यांची कंबर बळकट झाली, पण पळताना लागणारी ताकद काही वाचली नाही. 2009 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर हौशी धावपटूंची 5000 मीटरची वेळ सुधारली. गंमत अशी की तोल आणि जमिनीवर पडणारा पायाचा जोर मोजला, तेव्हा त्यात फरक दिसला नाही. म्हणजे पीक वाढले, पण कोणत्या खताने ते सांगता येईना!

पोहण्यात निकाल जास्त स्पष्ट आहे. ब्रिटनमधल्या 20 किशोरवयीन जलतरणपटूंवरचा प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा पोट-कंबरेचा व्यायाम केलेल्या मुलांची 50 मीटरची वेळ सुमारे 2 टक्क्यांनी सुधारली. पाण्यात पाय टेकायला जमीन नसते, म्हणून तिथे धडच आधार देते, हे पटण्यासारखे आहे. पण 50 मीटर वेगळे आणि 1500 मीटर वेगळे, हे विसरू नका.

सायकलचा प्रयोग मला सर्वांत उपयोगी वाटला. 2007 सालचा आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या 15 सायकलपटूंचे पोट-कंबरेचे स्नायू व्यायामाने मुद्दाम थकवले आणि मग त्यांना सायकलवर बसवले. पायडलवरचा जोर कमी झाला नाही. मात्र गुडघे आत-बाहेर जास्त हलू लागले. माझे पंपाचे उदाहरण इथे थोडे लंगडे पडते. पाणी तेवढेच पडते, पण झीज वाढते! शर्यतीतला निम्म्याच्या आसपास वेळ सायकलवर जातो आणि त्याच पायांनी पुढे पळायचे असते, तेव्हा ही झीज लहान समजू नये.

हे सगळे प्रयोग एकेका खेळावर वेगवेगळे केलेले आहेत. त्यावरून माझे मत असे की हा व्यायाम म्हणजे जस्तासारखे सूक्ष्म अन्नद्रव्य आहे. जमिनीत जस्त कमी असेल तर थोड्या मात्रेने पीक उचल खाते. कमी नसेल तर पोतेभर टाकूनही उपयोग नाही, आणि नत्राची जागा तर ते कधीच घेणार नाही. इथले नत्र म्हणजे पोहण्याचे, सायकलचे आणि पळण्याचे किलोमीटर.

तेव्हा आधी मातीपरीक्षण करा. मुलगा सायकलवर तास-दीड तासाने कंबर दुखते म्हणून ताठ बसतो का? पळताना शेवटी शेवटी एका बाजूला कलतो का? एका पायावर अर्धा मिनिट उभे राहताना डुगडुगतो का? यातले काही आढळले तर या व्यायामाचा त्याला फायदा होण्याची शक्यता आहे. पोहताना कंबर खाली जात असेल, तर आधी डोके फार वर काढतो का ते पाहा. दोष पुष्कळदा तिथेच असतो.

व्यायामाला घरची सतरंजी पुरे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावर कमी ताण देणारे तीन व्यायाम सुचवले. पहिला: उताणे झोपून एक गुडघा दुमडायचा, हात कमरेखाली ठेवायचे आणि डोके-खांदे जेमतेम उचलायचे. दुसरा: कुशीवर, कोपर टेकून, खांद्यापासून घोट्यापर्यंत अंग सरळ उचलून धरायचे. तिसरा: हात आणि गुडघे टेकून ओणवे व्हायचे, आणि उजवा हात-डावा पाय, मग डावा हात-उजवा पाय आडवे ताणायचे. प्रत्येक वेळी दहा सेकंद, मग सोडायचे, पुन्हा धरायचे. मिनिटेच्या मिनिटे थरथरत राहण्यात अर्थ नाही. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. तोलासाठी दात घासताना एका पायावर उभे राहावे. ज्याचा घोटा पूर्वी मुरगळलेला आहे त्याने हे टाळू नये, कारण तोलाच्या सरावाने घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते, हे चांगले सिद्ध झालेले आहे.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी. रात्रभर आडवे राहिल्याने कण्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणून उठल्याबरोबर तासभर कमरेतून खोल वाकण्याचे व्यायाम नकोत. पहाटे धार काढायला बसणाऱ्या मायबहिणींनीही पाठीतून वाकण्याऐवजी ठेंगणा पाट घ्यावा आणि म्हशीच्या जवळ सरकून बसावे.

आणि सायकलची सीट तपासा. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला नेले की पाय सरळ व्हायला हवा. सीट यापेक्षा खूप खाली किंवा वर असेल तर कोणत्याही व्यायामाने कंबर-गुडघे सुखाने राहणार नाहीत, आणि ती नीट करायला फक्त पाना लागतो. इतके करूनही कंबरेतून पायात कळ उतरत असेल, बधिरपणा येत असेल, तर व्यायाम थांबवून मुलाला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी न्या, दुसरा दिवस उजाडू देऊ नका.