५२ वजा ३७ बरोबर २५

गणिताची ॲप बनवणाऱ्यांचा एक पक्का समज दिसतो. जगात विद्यार्थी तीनच प्रकारचे: हुशार, मध्यम आणि कच्चे. हुशारांना पुढची पातळी, मध्यमांना तीच पुन्हा, कच्च्यांना मागची. वर टाळ्या वाजवणारं एक अस्वल. झालं शिक्षण!

मंडळी, मी ३५ वर्षं पाचवी ते सातवीला गणित शिकवलं. (पदवी बी. ए., तीही मराठी माध्यमातली. शाळेत गणिताला माणूस नव्हता म्हणून विषय गळ्यात पडला, पुढे मलाच तो सोडवेना.) हे तीन प्रकार मी प्रगतिपुस्तकात पाहिले, वर्गात कधी दिसले नाहीत.

साधं उदाहरण घ्या. ५२ वजा ३७. एक मुलगा लिहितो २५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन घालवले, राहिले पाच. पाचातून तीन गेले, राहिले दोन. शेजारच्या मुलीचं उत्तरही २५! तिने मात्र हातचा घेतला, बारातून सात घालवले, पाच आले; पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरली. ॲपच्या लेखी दोघं सारखीच. दोघांना मागच्या पातळीवर ढकलून एकअंकी वजाबाक्यांचा रतीब सुरू. अहो, त्या तर दोघांनाही येतात! दहापैकी दहा मिळतात, अस्वल टाळ्या वाजवतं, आणि दोघं परत त्याच ५२ वजा ३७ वर येऊन आपटतात. असं चार वेळा झालं की मूल स्वतःच म्हणायला लागतं, "मला गणित येत नाही." माझा राग आहे तो या वाक्यावर.

मास्तर काय करतो? पुढचं गणित ५२ वजा ३८ घालतो. आता मुलगा लिहितो २६ आणि मुलगी २४. कळलं ना कुणाचं कुठे अडलंय? त्याच्यापुढे काड्यांची दहाची मोळी सोडून दाखवायची. तिला वरचा पाच खोडून चार लिहायची सवय लावायची. आणि बरोबर १५ लिहिणारा तिसरा? तो बोटांवर अडतीस, एकोणचाळीस करत बावन्नला पोचलेला असू शकतो. त्याला तारे मिळतात. ३०२ वजा १४७ आलं की बोटं पुरत नाहीत, तेव्हा बिंग फुटतं.

ही तक्रार काही नवी नाही. १९७३ साली अर्लवँगर नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या सहावीच्या एका मुलाबद्दल लिहिलं. लेखात त्याचं नाव बेनी. कागदी संच आपापल्या गतीने सोडवायचे, चाचणीत ८० टक्के मिळाले की पुढे जायचं, अशी तिथली पद्धत. बेनी पुढेच होता. जवळ बसून विचारल्यावर कळलं, की दोन छेद दहा म्हणजे त्याच्या मते १.२. अंश आणि छेद यांची बेरीज १२, मध्ये टिंब! पाच छेद दहा म्हणजे १.५. त्याचा नियम पक्का होता, फक्त तो गणिताचा नव्हता. आज कागदाच्या जागी पडदा आला, एवढंच.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. ॲपमधला आवाज म्हणतो 'त्रेपन्न' आणि मूल दाबतं ३५. का नाही दाबणार? तीन आधी ऐकू आला. इंग्रजीत 'फिफ्टी-थ्री' म्हणताना पाच आधी येतो, त्यामुळे तिकडून आणून नुसता मराठी आवाज चिकटवलेल्या ॲपला या मुलाचा पत्ताच नसतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात नेहमीच्या नावांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढी टिंगल झाली! मंगला नारळीकरांनी तेव्हा त्यामागचं कारण समजावून सांगितलं होतं. ते 'वीस एक' पटो न पटो, अडचण खरी आहे. उलटा आकडा लिहिणारं मूल कच्चं नसतं, ते नीट ऐकणारं असतं.

आमचा एक भाचा अशाच एका कंपनीत आहे. (नाव लिहीत नाही. तो हे वाचतो, आणि त्याची आईही!) तो म्हणतो, "मामा, आम्हाला लाखो मुलांपर्यंत पोचायचंय. एकेकाच्या चुका कोण बघत बसणार?" अरे बाबा, यंत्रच बघेल की! १९७८ साली ब्राउन आणि बर्टन या दोघांनी संगणकावर नेमकं हेच केलं, वजाबाकीच्या चुकांमागचा नियम शोधून काढला. निकाराग्वातल्या १३०० हून जास्त मुलांच्या उत्तरांवर ते तपासलं. तुझ्या खिशातल्या फोनपुढे तेव्हाचा संगणक म्हणजे पाटी. माझ्यापुढे ६० वह्या असायच्या आणि दिवा गेला की कंदील. तुझ्याकडे सगळं आहे, आणि तू फुली मारून मोकळा!

ओळखीच्या एका शिक्षिकेने परवा तिच्या वर्गाचा ॲपवरचा अहवाल दाखवला. रंगीत वर्तुळ, वजाबाकी ६२ टक्के. हे ६२ टक्के घेऊन तिने उद्या सकाळी फळ्यावर काय लिहायचं? त्याऐवजी 'ही चार मुलं दशक कमी करायला विसरतात, ही तीन लहान आकडा मोठ्यातून घालवतात' एवढं लिहून आलं, तर सातही जणांना खिडकीपाशी घेऊन, काड्यांच्या मोळ्या सोडून, मधल्या सुट्टीच्या आत ती काम उरकेल.