१७ सप्टेंबरनंतरची एक विसरलेली तारीख

मराठवाड्याच्या इतिहासावर लिहिणारे आपण बहुतेक जण १७ सप्टेंबर १९४८ पाशी येऊन थांबतो. पुढचे एकदम १९५६, मग १९६०. या धाग्यात मला मधल्या एका तारखेविषयी बोलायचे आहे : १ एप्रिल १९५१. तिचा पुतळा नाही, चौक नाही, सुट्टीही नाही. तरी नांदेड-लातूरच्या बाजारात आज जो माणूस पिशवीभर बियाणे विकत घेतो, त्याच्या हक्काची एक मुळी या तारखेत आहे.

आधी बार्शी लाइट रेल्वे आठवा. लातूरहून निघणारी ही अरुंद रुळांची गाडी बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करीत मिरजेला जाई. लातूर निजामाचे, बार्शी इंग्रजांची. १९१७ मध्ये बांधलेल्या गंजगोलाईतून, जिथे सोळा रस्ते एकत्र येतात, माल निघे आणि बार्शीला उतरे तेव्हा नुसते चलनच नव्हे, कायदाही बदललेला असे. हाली सिक्क्याचे सात रुपये म्हणजे कलदार सहा. १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा मालविक्री कायदा बार्शीत लागू होता. लातुरात तो आपोआप लागू नव्हता.

म्हणून निजामी मुलूख बेकायदा होता, असे मात्र कोणी समजू नये. ही चूक आपले उत्साही मित्र फार करतात. संस्थानाची स्वतःची न्यायालये होती, कायदे होते, त्यांचा साचाही पुष्कळसा ब्रिटिश कायद्यांचाच होता. न्यायालयाची भाषा उर्दू होती, हा मराठी रयतेच्या दृष्टीने मोठा अडसर. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

संविधान लागू झाले तेव्हा हैदराबाद हे ‘भाग ब’ मधील राज्य ठरले. अशा राज्यांना देशाचे अनेक केंद्रीय कायदे लागू करणारा १९५१ चा अधिनियम १ एप्रिलपासून अमलात आला. करार आणि मालविक्री हे दोन्ही कायदे त्यात होते. बार्शी आणि लातूर यांमधली अदृश्य सीमा त्या दिवशी पुसली गेली.

त्यातले एकच कलम पाहू. बाजाराचा जुना नियम असा की घेणाऱ्याने पारखून घ्यावे. नंतर तक्रार नको. मालविक्री कायद्याचे सोळावे कलमही आरंभी हेच म्हणते आणि लगेच अपवाद सांगते. घेणाऱ्याने आपला हेतू विक्रेत्याला कळवला असेल, तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल आणि तो माल विकणे हाच विक्रेत्याचा नेहमीचा व्यवसाय असेल, तर माल त्या हेतूला योग्य असावा ही अट करारात न लिहिताही धरली जाते. हिला गर्भित अट म्हणतात. आता सांगा, सोयाबीनचे बियाणे मागणाऱ्याला हेतू वेगळा कळवावा लागतो का? उगवण्यावाचून बियाण्याला दुसरे काम काय?

पण त्याच कायद्याचे बासष्टावे कलम सांगते की, अशी गर्भित अट उभयतांच्या स्पष्ट कराराने वगळताही येते. पिशवीवरचा बारीक मजकूर, ‘जबाबदारी फक्त किमतीपुरती’, तो याच वाटेने आला. कागदावर दोघे समान; प्रत्यक्षात एकाने छापायचे आणि दुसऱ्याने मृग साधायचा.

या असमानतेवरचा उतारा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला. तिथेही विक्रेत्यांनी युक्तिवाद केला की शेतकरी पीक विकतो, म्हणून तो ‘व्यापारी’ आहे, ग्राहक नव्हे. जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. हे खटले तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले होते. न्यायालयाने आणखी एक साधी गोष्ट ओळखली : शेतकरी घेतलेले बियाणे पेरून टाकतो, प्रयोगशाळेसाठी मूठभर बाजूला काढून ठेवत नाही. मला हे त्या निकालातले सर्वांत शहाणे निरीक्षण वाटते, कारण ते शेतात उभे राहून केलेले आहे.

२०२० च्या खरिपात हे सारे प्रश्न आपल्या दाराशी आले. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असायला हवी. मराठवाड्यात मात्र पेरलेले उगवले नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी जुलैत २०१९ चा नवा ग्राहक कायदा अमलात आला. त्यात ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना प्रथमच आली. पिशवीवरच्या त्या बारीक मजकुराला आव्हान देण्याचे हे खरे हत्यार.

माझा आक्षेप इथे आहे. सदोष मालाची तक्रार नांदेड वा लातूरच्या जिल्हा आयोगात चालते, पण कराराच्या अन्याय्यतेची तक्रार राज्य आयोगाकडेच न्यावी लागते. देगलूरच्या किंवा निलंग्याच्या शेतकऱ्याला त्यासाठी निदान छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जावे लागते. मोठमोठ्या बांधकाम करारांसाठी ही व्यवस्था समजू शकते. एका पिशवीच्या वादासाठी नाही. ठरावीक रकमेखालील अन्याय्य करारांचे वाद जिल्हा आयोगाकडे सोपवावेत. १९५१ मध्ये कायदा लातूरपर्यंत आला होता. त्यातले हे एक कलम अजून जिल्ह्याच्या वेशीबाहेर थांबले आहे.