अणू फुटला १९५६ला, दिवा लागला २०१८ला



आजही अनेक गावांत कपाशीला एक पाणी द्यायचे तर रात्री दोनला उठून मोटारीवर जावे लागते. तक्रार केली की उत्तर मिळते, थांबा, अणुवीज येतेय. ती काय असते, असे विचारले तर म्हणतात, तुम्हाला कळायचे नाही. आम्ही म्हणतो, न कळण्यासारखे त्यात काही नाही.

युरेनियमच्या अणूच्या गाभ्यावर न्यूट्रॉन नावाचा कण आदळला की गाभा फुटतो. उष्णता निघते, दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात आणि ते पुढचे गाभे फोडतात. ज्वारीच्या एका दाण्याचे कणीस, त्यातल्या दाण्यांची पुन्हा कणसे, तशी ही साखळी. तिला आवरून धरले की अणुभट्टी. बॉम्बमध्ये तिला मुद्दाम मोकाट सोडतात. भट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर चक्र फिरवायचे. म्हणजे शेवटी चूलच! फक्त हिची राख हजारो वर्षे सांभाळावी लागते.

दुसरा प्रकार संमीलनाचा. हायड्रोजनचे हलके गाभे एकत्र येऊन हेलियम होतो. सूर्य यावरच तापतो. अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये लेसरच्या २.०५ मेगाज्यूल ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. पण तो लेसर चालवायलाच सुमारे ३०० लागले. एवढ्यावर मोटार चालत नाही.

विज्ञान खोटे नाही. खोट वाटपात आहे. पुरावा रायगडच्या किनाऱ्यावर आहे. उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटासमोर, पाण्यापलीकडे ट्रॉम्बे. तिथे ४ ऑगस्ट १९५६ला देशाची पहिली अणुभट्टी 'अप्सरा' सुरू झाली. ती संशोधनाची होती, विजेची नव्हे, हे मान्य. पण १९६९मध्ये तारापूरची अणुवीजही आली. घारापुरीच्या राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या वस्त्यांत मात्र संध्याकाळी काही तास जनरेटर! समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८मध्ये. त्या केबलला कोणते नवे विज्ञान हवे होते? गावाची पाळी लागली नव्हती, एवढेच.

अणू फोडणाऱ्यांना तार ओढता येत नाही, यावर आम्ही विश्वास ठेवायचा काय?

तेव्हा उद्या कोणी अणुविजेचे गाजर दाखवले तर भर सभेत तीन प्रश्न विचारा. आमच्या फीडरला किती तास? दिवसा की रात्री? युनिटला दर काय? आणि उत्तर लेखी घेतल्याशिवाय उठू नका.