पायाची सूज आणि शस्त्रक्रिया : कोणी करावी, कोणी थांबावे?



पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात हत्तीपायाचा रोगी कुणाला अनोळखी नाही. 'ऑपरेशनने पाय बरा होतो' असे कानावर आले की घरची मंडळी बैलजोडी विकायला किंवा कर्ज काढायला निघतात. त्याआधी एवढे वाचा. शस्त्रक्रिया आहे, ती उपयोगीही पडते. पण सरसकट सर्वांना नाही.

अंगातले जादा पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक लसिकावाहिन्या शरीरभर असतात. डासांमार्फत शिरलेले हत्तीरोगाचे कृमी याच वाहिन्या निकामी करतात. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यावर काही बायांचा हात सुजतो, त्याचे कारणही वाहिन्यांची तुटलेली वाट हेच. चिबड रानाचे उदाहरण घ्या. चर नुकताच बुजला असेल तर तो नाल्याला जोडून पाणी काढता येते. पण वर्षानुवर्षे पाणी मुरून जमिनीचा पोतच बिघडला, तर नुसता चर खणून भागत नाही.

अंगठ्याने दाबल्यावर खळगा पडत असेल आणि रात्री पाय उंचावर ठेवल्यावर सकाळी सूज उतरत असेल, तर काही वाहिन्या अजून चालू असण्याचा संभव असतो. अशा रोग्यात सूक्ष्मदर्शकाखाली १ मिलिमीटरहूनही बारीक वाहिनी शेजारच्या शिरेला जोडतात. वाहिन्या खरोखर शाबूत आहेत का, हे रंगद्रव्य टोचून खास कॅमेऱ्याने पाहतात. पाय टणक झाला असेल तर आत चरबी आणि तंतू वाढलेले असतात. तिथे नुसती जोडणी पुरत नाही. मग चरबी ओढून काढणे किंवा जादा भाग कापून काढणे, असे मार्ग उरतात. चरबी काढल्यावर दाबाचा मोजा जन्मभर घालावाच लागतो, नाहीतर सूज पुन्हा भरते.

सर्जन नुसता पाय पाहत नाही, माणूस पाहतो. काही महिने पट्टी-मोजा नीट वापरून पाहिला का? ताप येऊन पाय लाल होण्याचे झटके थांबले का? मधुमेह आणि वजन ताब्यात आहे का? तंबाखू-विडी सुटली का? कर्करोग पुन्हा उलटलेला नाही ना? नंतर तपासणीला वेळेवर येणे जमेल का? यांतले काही अडत असेल, तर आधी ते सुधारून मग शस्त्रक्रियेचा विचार करतात. दोन्ही पाय सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड तपासून घ्यावे. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पुरुषांच्या अंडात पाणी भरते, ती गोष्ट निराळी. तिची शस्त्रक्रिया साधी असते आणि बहुतेकांना चांगला गुण येतो. लाजेपायी ती लपवू नका.

शस्त्रक्रिया होवो न होवो, रोजची निगा सुटत नाही. साबण आणि स्वच्छ पाण्याने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चिखलात अनवाणी उतरू नका, बसताना पाय उंच ठेवा आणि घोटा हलवत राहा. झटका आला असताना पाय चोळू नका, पट्टी आवळू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारी मोहिमेत हत्तीरोगाच्या गोळ्या आल्या की कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने, त्याच्या समोरच घ्या. त्या सुजलेला पाय बारीक करत नाहीत, पण घरादारात रोग पसरणे रोखतात.

पैशाची जुळवाजुळव करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : माझ्या वाहिन्या चालू आहेत का? सूज कितपत उतरेल? नंतर मोजा किती दिवस घालावा लागेल? स्पष्ट उत्तरे मिळाल्याशिवाय बैलजोडी बाजारात नेऊ नका.