झळ नगरपर्यंतही पोहोचते



सायबर युद्ध ही बड्या राष्ट्रांची भांडणे, नगर जिल्ह्याला त्यांची झळ कशाला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत. वस्तुस्थिती निराळी आहे.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनवर सोडलेल्या ‘नॉटपेट्या’ या संगणकीय विषाणूने ‘मर्स्क’ या जहाजवाहतूक कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली आणि न्हावाशेवा बंदरातले त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. नगरचा बराचसा कांदा परदेशी जातो तो याच बंदरातून!

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण तर अगदी शेजारचे. ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात तिचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने त्यामागे उत्तर कोरियाचा हात नोंदवला.

गावोगाव सहकार रुजलेल्या या जिल्ह्यात प्रत्येक पतसंस्थेने सर्व्हरची तपासणी आणि स्वतंत्र बॅकअप यांसाठी यंदाच तरतूद करावी.

— एक वाचक, संगमनेर